कारकीर्द कुणाची, वारसा कुणाचा?

(कोल्हापुरातील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय आहे खेळाडूची कारकीर्द आणि त्याच्यामागं उरणारा वारसा. कोल्हापुरात खेळाडू म्हटलं की आधी पैलवानच डोळ्यांपुढं येतो, त्यामुळं आज मुख्यतः कुस्तीवर बोलायचं आहे. पण सुरुवात मी अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलपासून करतो. कारकीर्द आणि वारसा यांतला फरक तिथं दोन माणसांच्या उदाहरणातून लगेच लक्षात येतो.

पहिला विल्ट चेंबरलेन. 2 मार्च 1962 रोजी या माणसानं एका सामन्यात एकट्यानं 100 गुण केले. त्या हंगामात त्याची सरासरी होती सामन्यामागं 50.4 गुण. दुसरा बिल रसेल. गुण करण्यात तो चेंबरलेनच्या जवळपासही नव्हता. त्याचं काम बचावाचं, समोरच्याचा चेंडू अडवायचा आणि आपल्या सोबत्याच्या हाती द्यायचा. पण बोस्टनच्या संघाकडून तो 13 हंगाम खेळला आणि त्यांतली 11 विजेतेपदं त्याच्या संघानं मिळवली. चेंबरलेनच्या वाट्याला दोन आली. 1966 मध्ये रसेल त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्या लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. 2022 मध्ये तो गेल्यावर लीगनं ठरवलं की त्याचा 6 हा क्रमांक यापुढं कुठल्याच संघात नव्या खेळाडूला द्यायचा नाही.

आता यांतला मोठा कोण, यावर तिकडं साठ वर्षं वाद चालू आहे. आपल्याला त्या वादात पडायचं नाही. वाद मिटत का नाही, एवढंच बघायचं. तो मिटत नाही, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. एक बाजू म्हणते, या माणसानं स्वतः काय केलं ते सांगा. दुसरी म्हणते, याच्यामुळं इतरांना काय करता आलं ते सांगा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कारकीर्द, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे वारसा.

तत्त्वज्ञानात हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात पहिल्याच भागात विचारलंय की, माणूस मेल्यावर त्याच्या मुलाबाळांचं जे बरंवाईट होतं त्याचा त्या मेलेल्या माणसाच्या आयुष्याशी काही संबंध उरतो का? त्याचं उत्तर सावध आहे. संबंध थोडासा उरतो, पण त्यानं सुखी माणूस दुःखी ठरत नाही, असं तो म्हणतो. मला त्याचं उत्तर अर्धंच पटतं. माणसाचं सुख बदलत नसेल, पण त्याच्या कामाचा अर्थ बदलतो. लावलेल्या झाडाला पुढं कुणी पाणीच घातलं नाही, तर लावणाऱ्याचे कष्ट खोटे ठरत नाहीत, पण ते वाया जातात. आणि ते वाया घालवणारे आपण असतो.

ही कसोटी घेऊन आता आपल्या मातीत येऊ.

खाशाबांचं पदक

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म 15 जानेवारी 1926, कराडजवळचं गोळेश्वर. वडील स्वतः पैलवान. शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरला आले, राजाराम कॉलेजात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तेव्हा खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांचा हात होता. आपला पैलवान लाल मातीत वाढलेला, आणि तिकडं कुस्ती गादीवर. मातीत पाय रुततो, घट्ट उभं राहता येतं, कुस्ती लांबते. गादीवर सगळा खेळ चपळाईचा आणि गुणांचा. तरीही तिथं त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

1952 ला हेलसिंकी. तोपर्यंत कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं होतं, 1949 मध्येच. म्हणजे पाठीशी राजा नाही आणि नवं सरकार अजून तिथवर पोचलेलं नाही. गावोगाव वर्गणी झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. 57 किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. पुढं जपानच्या शोहाची इशीशी झुंज झाली आणि ती गेली. त्या दमछाकीनंतर पुरती विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं राहावं लागलं आणि त्यांच्या बाजूनं हरकत घ्यायला जबाबदार माणूस तिथं नव्हता, असं सांगितलं जातं. कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

परतल्यावर 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतरची गोष्ट कमी लोक सांगतात. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. आता बघा, देशाला पहिलं पदक मिळालं आणि पदक आणणाऱ्या माणसाला कर्ज फेडायला पुन्हा लांग चढवावी लागली! 1955 मध्ये ते पोलिसात फौजदार झाले, नोकरी करून निवृत्त झाले आणि 14 ऑगस्ट 1984 ला कराडजवळ रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी त्यांचं नाव दिलं गेलं. आता त्यांचा जन्मदिवस आपलं राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतं.

कारकीर्द म्हणून यात काही कमी नाही. वारसा म्हणून काय दिसतं? भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळालं 1996 मध्ये, टेनिसमध्ये लिअँडर पेसला. म्हणजे 44 वर्षांनी. कुस्तीतलं पुढचं पदक 2008 मध्ये, सुशील कुमारला. म्हणजे 56 वर्षांनी. ज्या माणसानं मातीतून गादीवर कसं जायचं हे करून दाखवलं, त्याच्याकडून ते शिकून घेण्याची कायमची सोय आपण त्या काळात केली नाही. नाव राहिलं, विद्या पुढं सरकली नाही. हा दोष खाशाबांचा नाही, वारस म्हणवणाऱ्यांचा आहे.

वस्तादाच्या हातची माणसं

दुसरं उदाहरण गणपतराव आंदळकरांचं. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचा हा पैलवान. 1960 ला हिंदकेसरी. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. 1964 ला टोकियो ऑलिंपिक. पण आंदळकरांचं नाव निघालं की जुनी माणसं पदकं मोजत नाहीत, मोतीबाग तालीम आठवतात. तिथं त्यांच्या हाताखाली पोरं घडली. दादू चौगुले त्यांतलेच. 1970 आणि 1971 चे महाराष्ट्र केसरी, पुढं रुस्तुम-ए-हिंद, 1974 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. आणि दादूंचा मुलगा विनोद पुन्हा हिंदकेसरी. म्हणजे तीन पिढ्या एका धाग्यात.

वस्ताद म्हणजे डाव शिकवणारा, एवढाच अर्थ घेऊ नका. ढाक कशी मारायची, पट कसा काढायचा हे वर्षभरात कळतं. कुठल्या पोराला कुणाशी जोड द्यायची, कुणाला अजून सहा महिने थांबवायचं, कुणाची रग जिरवायची आणि हरलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जोर-बैठकांना कसं उभं करायचं, हे वस्तादाचं खरं ज्ञान. हे पुस्तकात उतरत नाही. ते हौद्यात, अंगाला अंग लावूनच एकाकडून दुसऱ्याकडं जातं. मध्ये एक पिढी तुटली की संपलं.

म्हणून एका गोष्टीकडं लक्ष वेधतो. सप्टेंबर 2018 मध्ये आंदळकर गेले. ऑक्टोबर 2019 मध्ये दादू चौगुले गेले. डिसेंबर 2020 मध्ये श्रीपती खंचनाळे गेले. खंचनाळे सीमाभागातल्या एकसंब्याचे, शाहूपुरी तालमीत घडलेले, 1959 चे पहिले हिंदकेसरी. तीन वर्षांत तीन मोठी माणसं गेली. आपण फलक लावले, श्रद्धांजलीच्या सभा घेतल्या. त्यांना काय येत होतं याची नोंद किती ठेवली, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

राजाचं काम आणि संघटनेचं काम

वारशाचा तिसरा प्रकार मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे व्यवस्था. राजर्षी शाहू महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन, पण आज ते कुस्तीत उरले आहेत ते खासबागेमुळं. 1902 च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि 1912 मध्ये इथं खासबाग मैदान उभं राहिलं. त्याची रचनाच अशी की हौदा मधोमध आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक. मागं बसलेल्या शेतकऱ्यालाही पुढच्या सरदाराइतकीच कुस्ती दिसावी! इमामबक्षसारख्या, गामाच्या भावासारख्या, मल्लाला या मैदानानं पाहिलं. महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खुराक दिला, तालमी उभ्या केल्या. जात न पाहता, धर्म न पाहता. हे सगळं त्यांच्या 1922 मधल्या निधनानंतरही चालू राहिलं, कारण ते एका माणसाच्या अंगबळावर उभं नव्हतं.

पण राजाश्रयात एक उणीव असते. ती देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. संस्थानं गेली तशी बिदागी गेली. पैलवानानं काय करायचं? खुराकाला दूध, तूप, बदाम, मटण लागतंच. घरची शेती विकायची, की एखाद्या पुढाऱ्याच्या दारात उभं राहायचं? आणि चाळिशीनंतर गुडघे गेले, कान सुजून चेपलेले, तेव्हा पुढं काय?

इथं पुन्हा बास्केटबॉलकडं जाऊ. ऑस्कर रॉबर्टसन नावाचा खेळाडू होता, खेळात अव्वल. त्या काळी तिथंही खेळाडू संघमालकाच्या हातात बांधलेला असे. करार संपला तरी मनाप्रमाणे दुसरीकडं जाता येत नसे. रॉबर्टसन खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. 1970 मध्ये संघटनेनं त्याच्या नावानं लीगवर दावा लावला. 1976 मध्ये तडजोड झाली, तेव्हा तो निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे फायदा त्याला नाही, नंतरच्यांना. आज तिथले खेळाडू संघ बदलतात, मोठे करार करतात, त्यांतल्या अनेकांना त्याचं नावही माहीत नसेल. तरी त्यांच्या प्रत्येक करारात तो आहे. याला मी सगळ्यांत शुद्ध वारसा म्हणतो, कारण तो टिकायला कीर्तीचीही गरज लागत नाही.

आपल्या पैलवानांच्या बाबतीत नेमकं हे राहून गेलं. 1961 पासून महाराष्ट्र केसरी चालू आहे, गदा आहे, कुस्तीगीर परिषद आहे. विजेत्यांना सरकारी नोकऱ्याही मिळाल्या. पण हे सगळं जिंकणाऱ्याभोवती फिरतं. एका गदेमागं शेकडो पोरं तालमीत घाम गाळतात, त्यांच्या दुखापतीचं, शिक्षणाचं, म्हातारपणाचं काय, हा प्रश्न राजाच्या काळात राजावर सोपवला होता आणि नंतर नशिबावर.

व्यवस्था असली की काय होतं, तेही कोल्हापूरनंच दाखवलंय. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक घेतलं. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, 72 वर्षांनी. स्वप्नीलची मेहनत त्याची स्वतःची, पण तो घडला राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पोटापाण्याला रेल्वेची नोकरी होती. त्याच्यासाठी कुठल्या प्राचार्याला घर गहाण टाकावं लागलं नाही. आणि आणखी एक. तालमीचं दार मुलींना पिढ्यान्‌पिढ्या बंद होतं. आज मुरगूडसारख्या गावात मुली गादीवर सराव करतात. हा वारसा रुंदावतोय, हे चांगलं लक्षण आहे.

तर मित्रहो, विक्रम, शिष्य आणि व्यवस्था असे वारशाचे तीन प्रकार झाले. विक्रम माणूस स्वतः करतो. शिष्य घडवायला दोघं लागतात. व्यवस्था मात्र सगळ्यांनी मिळून चालवावी लागते, म्हणून ती सगळ्यांत आधी मोडते. आपण खाशाबांचा पुतळा पाहतो, आंदळकरांचं नाव घेतो, शाहूराजांचा जयजयकार करतो. हे सगळं करावं, जरूर करावं. पण आपल्या पेठेतल्या तालमीत आज पहाटे किती पोरं उतरली, वस्तादाला महिन्याला काय मिळतं, गुडघा मोडलेल्या पोराला दवाखान्यात कुणी नेलं, याची उत्तरं आपल्याला ठाऊक नसतील, तर आपण फक्त प्रेक्षक आहोत, वारस नव्हे. वारस व्हायचं तर त्या उत्तरांपासून सुरुवात करावी लागेल.

इथं थांबतो. आता प्रश्न घेऊ.