नोटेवर चित्र कुणाचे?

पैसा रोज आपल्या हातून जातो. पण तो येतो कुठून आणि कर्ज होऊन आपल्याच मानगुटीवर कसा बसतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. लंडनमधील एका कलावंत दांपत्याने हाच प्रश्न भर बाजारात मांडला. कर्जाच्या हप्त्यांनी गांजलेल्या आपल्या वस्त्यांनी तो समजून घ्यायला हवा.

वॉल्थमस्टो हा ईशान्य लंडनमधला भाग. तेथील हो स्ट्रीटवर, बंद पडलेल्या एका बँकेच्या जागेत हिलरी पॉवेल आणि डॅन एडलस्टिन यांनी २०१८ साली स्वतःची 'बँक' थाटली. तेथे त्यांनी नोटा छापल्या. त्या नोटांवर ना राणी, ना पंतप्रधान! चित्रे होती ती भुकेल्यांसाठी धान्य जमवणाऱ्यांची, बेघरांना जेवण देणाऱ्यांची, शाळेसाठी आणि तरुण मुलांसाठी झटणाऱ्यांची. त्याच वस्तीतली ही साधी माणसे. लोकांनी खरे पैसे मोजून त्या नोटा कलाकृती म्हणून विकत घेतल्या. आलेल्या रकमेतला निम्मा वाटा या माणसांच्या कार्याला गेला. उरलेल्या निम्म्यातून, म्हणजे सुमारे २० हजार पौंडांतून, या दांपत्याने त्या परिसरातील लोकांची १२ लाख पौंडांची थकीत कर्जे विकत घेतली आणि रद्द करून टाकली!

हे गणित नीट पाहा. शंभर पौंडांचे कर्ज पावणेदोन पौंडांच्या आत मिळाले. वसुलीची आशा सुटली की सावकारी कंपन्या जुनी कर्जे अशीच कवडीमोलाने विकतात. घेणारा मात्र कर्जदाराकडे पूर्ण रक्कम मागतो. बाजारात कर्जाची किंमत कवडीची. गरिबाने सोसायची लाज मात्र सोळा आणे! मे २०१९ मध्ये या दांपत्याने कर्जाची कागदपत्रे भरलेली एक सोनेरी व्हॅन स्फोटाने उडवून दिली. तिच्या मागे लंडनमधील बड्या बँकांचे मनोरे उभे होते.

याच लंडनमध्ये बाबासाहेबांनी रुपयाचा प्रश्न अभ्यासला. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. चलनाचे मूल्य घसरले की महागाई वाढते, मजुरी मागे पडते आणि भुर्दंड कष्टकऱ्याला बसतो, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. पैसा ही समाजाने केलेली व्यवस्था आहे. ती कुणाच्या हिताची, हे विचारण्याचा हक्क सर्वांना आहे.

आपल्याकडेही २००२ च्या सरफेसी कायद्यानंतर बुडीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. मोठ्या थकबाकीदाराशी तडजोड होते. इकडे आठवड्याचा हप्ता चुकलेल्या माउलीच्या दारात मात्र वसुलीवाला बसतो, शेजारीपाजारी कुजबुजतात. ती बिचारी नवऱ्यापासून, लेकरांपासून कर्ज लपवते आणि एक हप्ता फेडायला दुसरे कर्ज काढते.

याचा अर्थ घेतलेले कर्ज बुडवावे असा नाही. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत अनणसुख, म्हणजे कुणाचेही देणे नसल्याचे सुख, हे एक आहे. ते मिळवायचे तर कर्ज अंधारातून उजेडात आणले पाहिजे. लग्नातला बँड, मंडप आणि मानपान यांसाठी ऋण काढणे थांबवले पाहिजे.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते. त्यातील एक संध्याकाळ हिशेबासाठी राखून ठेवा. वस्तीतल्या बँक कर्मचाऱ्याला, वकिलाला बोलवा. व्याजाचा दर किती, मुद्दल किती उरले, वसुलीवाल्याला काय करण्याचा अधिकार नाही, हे भगिनींना समजावून सांगा. कर्ज हे पाप नव्हे. ते लपवून एकट्याने झुरणे, यातच खरा घात आहे.