पत्रा उष्णता कशी अडवतो?

धातू उष्णतेचे सुवाहक असतात, हे आपण वर्गात शिकवतो. मग जुन्या अमेरिकन मोटारी जपणारे हौशी लोक इंजिनाचा एक भाग तापू नये म्हणून तिथे चक्क धातूचाच पत्रा का बसवतात? या प्रश्नाच्या निमित्ताने उष्णतेच्या संक्रमणाचे तिन्ही प्रकार एकाच यंत्रात पाहायला मिळतात.

उदाहरण म्हणून १९५५ साली आलेले शेव्हरोलेचे व्ही-८ इंजिन घेऊ. त्यात चार-चार सिलिंडरांच्या दोन तिरप्या रांगा असतात. मधल्या खोबणीत इनटेक मॅनिफोल्ड असते. कार्बुरेटरमधून येणारे हवा-पेट्रोलचे मिश्रण आठही सिलिंडरांना वाटून देणारा हा फाटेदार नळ. त्याच्या पोटातून, कार्बुरेटरच्या खाली, एक आडवा बोगदा काढलेला असतो. त्यातून एका रांगेतील जळालेले तप्त वायू दुसऱ्या रांगेकडे जातात.

मिश्रणाला मुद्दाम उष्णता कशासाठी द्यायची? पेट्रोल नीट जळण्यासाठी त्याची वाफ व्हावी लागते. १ किलोग्रॅम पेट्रोलच्या बाष्पीभवनाला सुमारे ३५० किलोज्यूल अप्रकट उष्मा लागतो. त्यासोबत सुमारे १५ किलोग्रॅम हवा असते आणि १ किलोग्रॅम हवा १ अंशाने थंड झाली, की सुमारे १ किलोज्यूल उष्णता मिळते. आता भागाकार करा. सगळी उष्णता हवेतूनच घेतली गेली, तर हवा सुमारे २३ अंशांनी थंड होईल! थंड, दमट सकाळी कार्बुरेटरमध्ये बर्फ धरते ते यामुळेच. शिवाय वाफ न झालेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि झीज वाढते.

बोगदा हा यावरचा उपाय. एका बाजूच्या एक्झॉस्ट मार्गात एक झडप असते व तिला द्विधातूची स्प्रिंग असते. इंजिन थंड असताना झडप मिटते आणि वायूंना बोगद्यातून जावे लागते. इंजिन तापले की स्प्रिंग सैल पडते, झडप उघडते आणि बहुतेक वायू थेट बाहेर जातात.

कालांतराने ही झडप गंजून मिटलेलीच अडकते. मग भर उन्हाळ्यातही बोगदा धगधगत राहतो. ३० अंशांची हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर तिची घनता ३०३/३३३ पट, म्हणजे सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते. तितकीच सिलिंडरातील हवा घटते आणि शक्तीही. गाडी थांबवल्यावर कार्बुरेटरमधले पेट्रोल उकळून खाली सांडते आणि इंजिन लवकर सुरू होत नाही.

म्हणून बोगद्याच्या तोंडांवर स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा बसवतात. पत्रा तापतोच, वहनही थांबत नाही. मात्र बोगद्यात उष्णता येते ती मुख्यतः वाहत्या वायूंबरोबर, आणि पत्रा तो प्रवाहच तोडतो. उकळत्या पातेल्यावर हात धरला तर वाफेने भाजतो. स्टीलचे झाकण ठेवले की झाकण तापते, पण वाफ हातापर्यंत येत नाही. तसेच हे.

उरलेले वहन रोखायला कार्बुरेटरखाली बेकलाइटसारख्या दुर्वाहकाचा जाड थर देतात, तर प्रारण परतवायला चकचकीत पत्र्याचा आडोसा करतात.

मात्र वाट बंद करण्यापूर्वी ती कशासाठी होती हे पाहायला हवे. झडप मिटलेलीच अडकली असेल आणि बोगदाही बंद केला, तर त्या रांगेतील वायूंना बाहेर पडायला वाटच उरत नाही. आधी झडप मोकळी करावी किंवा काढून टाकावी. १९६०च्या दशकातील अनेक गाड्यांत चोकची स्प्रिंग बोगद्याच्या उष्णतेवरच चालते. ती उष्णता तोडली तर चोक उशिरा उघडतो व पेट्रोल वाया जाते. अशा वेळी विजेवर चालणारा चोक बसवावा लागतो.

विद्यार्थ्यांना विचारावे : एक गाडी अॅरिझोनाच्या वाळवंटात फक्त उन्हाळ्यात चालते, दुसरी मिनेसोटाच्या हिवाळ्यात रोज. बोगदा कोणाचा बंद करावा, कोणाचा उघडा ठेवावा? उत्तराबरोबर कारणही मागावे. खरा धडा त्या कारणातच आहे.