ई-रुपया आणि पेणचे मूर्तिकार

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे परिसरातल्या गणेशमूर्ती कारखान्यांत काम वर्षभर चालते. पैसा मात्र बहुतांशी गणपतीच्या हंगामात येतो. तो पुढच्या हंगामापर्यंत सुरक्षित राहणे ही या कलेची मूलभूत गरज आहे. 2010 मध्ये पेण अर्बन सहकारी बँक घोटाळ्यामुळे कोलमडली, तेव्हा ठेवींवरचे विमा संरक्षण 1 लाख रुपयांपुरतेच होते. यूपीआयने पैसे झटपट मिळतात, पण ते बँकेच्याच खात्यात जमा होतात. 1 डिसेंबर 2022 पासून किरकोळ व्यवहारांसाठी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेला ई-रुपया मात्र नोटेप्रमाणे थेट रिझर्व्ह बँकेचे देणे आहे.

त्यावर व्याज नाही, हा आक्षेप रास्त आहे. विम्याची मर्यादा 2020 पासून 5 लाख रुपये झाली, हेही खरे. शिवाय सगळ्यांनीच ठेवी तिकडे वळवल्या, तर माती-रंगांसाठी कर्ज द्यायला बँकांकडे पैसा कमी पडेल. म्हणून दीर्घ मुदतीची बचत बँकेतच असावी; पण मजुरी आणि कच्च्या मालाचे खेळते भांडवल ई-रुपयात ठेवण्याची सोय कारागिराला मिळायलाच हवी.