नांगरलेले बोये, अखंड नोंदी

समुद्रातील काही बदल वादळासारखे दोन-चार दिवसांत घडून जातात, तर काही वर्षानुवर्षे इतक्या संथपणे साचत जातात की, जहाजावरून अधूनमधून घेतलेल्या मोजमापांत ते ऋतुमानाच्या नेहमीच्या चढउतारांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत. दोन्ही टिपायचे तर एकाच जागी, तासातासाने आणि अनेक दशके मोजत राहावे लागते. हे काम नांगरलेले बोये करतात. समुद्रतळाशी दोराने जखडलेल्या आणि उपकरणे वाहणाऱ्या तरंगत्या मंचांना हे नाव आहे.

अशा नोंदी नसल्या तर काय होते, हे १९८२-८३ च्या एल निनोने दाखवून दिले. विषुववृत्तालगतच्या मध्य व पूर्व पॅसिफिक महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते, त्या घटनेस एल निनो म्हणतात. त्या वर्षी मेक्सिकोतील एल चिचोन ज्वालामुखीने आकाशात उधळलेल्या सूक्ष्म कणांमुळे उपग्रहांना पाणी प्रत्यक्षाहून थंड भासले आणि समुद्रात मोजमाप करणारी साधने विरळ होती. त्यामुळे विसाव्या शतकातील अतितीव्र एल निनोंपैकी एक असलेली ती घटना ऐन भरात येईपर्यंत शास्त्रज्ञांच्या नीट लक्षात आली नाही. या अनुभवानंतर पॅसिफिकमध्ये सुमारे ७० बोयांचे 'ताओ' जाळे उभारले गेले आणि ते डिसेंबर १९९४ मध्ये पूर्ण झाले. पुढे जपानचे 'ट्रायटन' बोयेही त्यास जोडले गेले.

या जाळ्यातील मूळ बोया म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर व्यासाचे तरंगते कडे असून त्यावर वारा, हवेचे तापमान आणि आर्द्रता मोजणारी उपकरणे असतात, तर खालच्या तारेवर ५०० मीटर खोलीपर्यंत ठरावीक अंतरांनी तापमापक बसवलेले असतात. काही किलोमीटर खोल तळावर नांगर म्हणून रेल्वेची जुनी चाके वापरली जातात आणि मोजमापे उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पोहोचतात. उपकरणांवर शेवाळ व शिंपले चढतात, खाऱ्या पाण्याने त्यांचे मापन हळूहळू ढळते, म्हणून साधारण वर्षाने ती बदलावी लागतात आणि समुद्रात उतरवण्यापूर्वी व बाहेर काढल्यानंतर प्रमाणित साधनांशी पडताळावी लागतात. एरवी दिसलेला बदल समुद्राचा की उपकरणाचा, हे सांगता येणार नाही.

१९९७-९८ चा प्रचंड एल निनो या जाळ्याने दिवसागणिक टिपला. मात्र या एल निनोमुळे भारतात दुष्काळाची धास्ती असताना १९९७ मध्ये तेथे सरासरीच्या १०२ टक्के पाऊस पडला. त्याच वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापला होता व पूर्व भाग थंडावला होता. या द्विध्रुवी स्थितीचे वर्णन १९९९ मध्ये साजी, यामागाता आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी केले, तेव्हा भारतीय पावसाचा हिशेब केवळ पॅसिफिकवरून मांडता येत नाही, हे अधिक स्पष्ट झाले. २००४ पासून हिंदी महासागरात 'रामा' हे बोयांचे जाळे भारतासह अनेक देशांच्या सहभागाने उभे राहू लागले. त्याआधीच, १९९० च्या दशकात, चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने अरबी समुद्र व बंगालच्या उपसागरासाठी राष्ट्रीय बोया कार्यक्रम हाती घेतला होता. मोसमी पावसाचा ऋतुपूर्व अंदाज बांधणारी प्रारूपे समुद्र आणि वातावरण यांची एकत्र गणिते करतात. त्यांना समुद्राची आजची स्थिती जितकी अचूक ठाऊक असेल, तितका कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती येणारा अंदाज भरवशाचा होतो.

तरीही ही व्यवस्था नाजूक आहे. बोयाभोवती मासे जमत असल्याने मासेमारी नौका त्याच्याजवळ येतात आणि त्यात दोर व उपकरणांची हानी होते. सोमाली चाचेगिरीच्या काळात हिंदी महासागराच्या पश्चिम भागात बोये उतरवणेच अवघड झाले होते. ताओची देखभाल करणारे 'काइमिमोआना' हे जहाज २०१२ मध्ये निवृत्त झाल्यावर २०१४ च्या सुमारास त्या जाळ्याकडून अपेक्षित नोंदींपैकी जेमतेम ४० टक्केच मिळत होत्या. नंतर बोये दुरुस्त झाले, परंतु मधली पोकळी कायमची राहिली, कारण उलटून गेलेल्या वर्षाचे तापमान कोणत्याही खर्चाने पुन्हा मोजता येत नाही.

म्हणून बोया उतरवणे हा एकवेळचा प्रकल्प न मानता धरणाच्या वा रेल्वेमार्गाच्या देखभालीइतकेच नित्य सार्वजनिक कर्तव्य मानले पाहिजे. त्यासाठी जहाजांचे दिवस, कुशल तंत्रज्ञ आणि दरवर्षीची तरतूद निश्चित असली पाहिजे. तीस-चाळीस वर्षांनी समुद्र किती बदलला हे विचारणाऱ्या पिढीला उत्तर मिळेल ते आजच्या अखंड नोंदींतूनच.