सातेरीला परकं स्थळ चालत नाही!

मैत्रिणींनो, तोरणमाळच्या सहलीत मध मिळाला, तर आपण हौसेनं बाटली भरून आणतो. पण तो कोणत्या माशीचा, हे कधी विचारलंत का?

माश्यांची घराणी वेगवेगळी. आग्यामाशी कड्याकपारीत, उंच झाडावर एकच भलंमोठं पोळं बांधते. स्वभाव नावासारखाच! फुलोरीचं पोळं झुडपात, लहानसं. या दोघी पेटीत नांदत नाहीत. नांदते ती सातेरी. कारण झाडाच्या ढोलीत, अंधारात एकाशेजारी एक पोळी बांधायची तिची रीतच आहे. चौथी युरोपातली मेलिफेरा. १९६० नंतर ती हिमाचलातल्या नगरोटा बगवानला आणली गेली आणि इथं रुजली. मध सातेरीपेक्षा कितीतरी जास्त देते.

मग जर्सी गाईसारखा या दोघींचा संकर का करू नये, असं तुम्ही म्हणाल. तो होत नाही, बरं का! जातीच वेगळ्या, बीज मिळालं तरी अंडं जगत नाही. संकर जमतो तो एकाच जातीच्या वाणांत. इंग्लंडमधल्या बकफास्ट मठात ब्रदर अ‍ॅडम यांनी असाच रोगाला टिकणारा वाण घडवला. ब्राझीलमध्ये मात्र १९५६ साली आफ्रिकी राण्या आणल्या, पुढच्याच वर्षी काही थवे निसटले. संकर काटक निघाला, पण भारी चिडका! राणी उंच हवेत अनेक नरांशी जुळते. तिथं आपण स्थळं ठरवणार कशी?

काटकपणा तर आपल्या सातेरीत आहेच. व्हरोआ नावाची किडी अंगाला चिकटली, तर ती चावून काढून टाकते. मेलिफेराला हे फारसं साधत नाही. १९९० नंतर दक्षिणेत थाई सॅकब्रूड रोगानं सातेरीच्या पेट्याच्या पेट्या ओस पाडल्या. तगल्या त्यांचीच प्रजा पुढे वाढली. म्हणजे रानातली प्रत्येक वसाहत हे जपून ठेवलेलं बियाणंच!

म्हणून एवढं करा. परसातल्या ढोलीत सातेरी आली, तर रॉकेल ओतू नका. ती पेटीत भरणारा जाणकार बोलवा. आग्या असेल तर मुलांना लांब ठेवा, दगड मारू देऊ नका. मध घेताना विचारा, अख्खं पोळं पिळलं की अंडी-पिल्लांचा भाग राखून फक्त मधाचा कापला? राखणाऱ्याला दोन पैसे जास्त द्या. बाटलीत मध थिजला, तर कोमट पाण्यात ठेवा. तेवढ्यावरून तो भेसळीचा ठरत नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा नको!