दुःखाचा गौरव नको, सोबत हवी

गोदावरीला महापूर आला की निफाड तालुक्यातील सायखेड्याच्या बाजारपेठेत पाणी शिरते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे गावाने भोगले. अशा प्रसंगी 'देवाची इच्छा' हे सांत्वन प्रत्येक धर्माच्या ओठांवर तयार असते. परंतु ते नेहमीच निरुपद्रवी नसते. जातीपायी अपमान गिळणाऱ्याला किंवा घरात मार खाणाऱ्या स्त्रीला 'सोसा, त्यातच पुण्य आहे' असे सांगणे हीसुद्धा हिंसाच होय.

ख्रिस्ती धर्मविचारात हा प्रश्न अधिकच तीव्र होतो, कारण त्याच्या केंद्रस्थानी क्रूस आहे. अहिंसावादी चिंतन त्याचे उत्तर स्पष्ट देते. येशूने दुःखाला पूज्य ठरविले नाही. त्याने रोग्यांना बरे केले, बहिष्कृतांच्या पंगतीला तो बसला. हिंसेची परतफेड हिंसेने करण्याचे त्याने नाकारले, म्हणून क्रूस त्याच्या वाट्याला आला. दक्षिण आफ्रिकेत १८९४ साली गांधीजींना टॉल्स्टॉयच्या ग्रंथात भेटला तो हाच येशू.

या विचाराची कसोटी याच नदीकाठी एका संसारात लागली. सायखेड्याच्या वरच्या अंगाला, नाशिकजवळच्या जलालपुरात १८६८ साली लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा वियोग आला. पतीची श्रद्धा प्रामाणिक होती, म्हणून पत्नीची यातना खोटी ठरत नाही. मात्र पुन्हा एकत्र आल्यावर त्यांच्यावर धर्मांतर लादले गेले नाही. जातिभेद माणसाने निर्माण केला, हे त्यांना स्वतःच्या विचारांती पटले आणि मगच १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी ते दुःख लपविले नाही आणि त्याचे देव्हारेही माजविले नाहीत. हसत हसत ते सांगितले. आपली कथा आपल्याच शब्दांत सांगता येणे, हीच बरे होण्याची पहिली खूण.

टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापिला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्याचे दार उघडे ठेवले. चर्च असो, मठ असो वा मशीद; दुःखिताला उपदेश करण्यापूर्वी तेथे त्याचे ऐकून घेतले जाते काय, आणि अन्याय करणाऱ्याला जाब विचारला जातो काय, यावरच त्या समाजाच्या श्रद्धेचे मोल ठरावे. सोसण्याची शिकवण देणाऱ्याने आधी दुसऱ्याच्या खांद्यावरचे ओझे उचलावे. तो अधिकार त्याशिवाय मिळत नाही.