छऱ्यांच्या जुन्या जर्मन डब्या : भंगारातून उलगडणारा औद्योगिक इतिहास

जयपूर : सांगानेरनजीकच्या प्रताप नगर या राजस्थान गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीलगत जगतपुरा हा भाग आहे. टोकियो व पॅरिस या लागोपाठच्या दोन पॅरालिम्पिक स्पर्धांत १० मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक पटकावणाऱ्या अवनी लेखरा यांनी येथीलच नेमबाजी केंद्रावर सराव केला. महाराष्ट्राच्या ऑलिम्पियन नेमबाज सुमा शिरूर त्यांच्या प्रशिक्षक. या क्रीडाप्रकारातील नेमबाजांना जर्मन छऱ्यांची गोल, चपटी, पत्र्याची डबी नवी नाही. छरे संपले की ती बहुधा भंगारात जाते. युरोप-अमेरिकेत मात्र अशाच जुन्या डब्या जमवणारा आणि त्यांचा काळ निश्चित करणारा अभ्यासूंचा वर्ग आहे.

गावोगावच्या जत्रांत फुगे फोडायला जी बंदूक हाती मिळते, तिचे आणि ऑलिम्पिकच्या रायफलीचे तत्त्व एकच : दाबलेल्या हवेने शिशाचा छरा पुढे ढकलणे. कमरेत बारीक आणि मागे पोकळ घेर असलेल्या छऱ्याला ‘डायाबोलो’ म्हणतात. दोन काठ्यांना बांधलेल्या दोरीवर फिरवायच्या, डमरूच्या आकाराच्या त्याच नावाच्या खेळण्यावरून हे नाव रूढ झाले. मऊ शिशाचा हा नाजूक घेर खिशात वा पिशवीत दबला की नेम बिघडतो. म्हणून कडक पत्र्याची डबी आवश्यक ठरली. स्पर्धेच्या ४.५ मिलिमीटर छऱ्याचे वजन साधारण ०.५३ ग्रॅम असते. अशा ५०० छऱ्यांच्या डबीत सुमारे २६५ ग्रॅम शिसे भरलेले असते.

संग्राहकांच्या यादीत काही नावे हमखास असतात. हान म्युंडेन या गावातील ‘हेंडलर अँड नाटरमान’ ही कंपनी १८२५ पासूनची परंपरा सांगते. ‘आरडब्ल्यूएस’ ही अक्षरे ऱ्हाइन-वेस्टफालिया प्रांताच्या स्फोटक द्रव्यांच्या कारखान्यांची. रास्टाट येथील ‘मायर अँड ग्रामेलश्पाखर’ आपल्या ‘डायाना’ या बोधचिन्हानेच अधिक ओळखली जाते.

डबीवर उत्पादनाचे वर्ष सहसा छापलेले नसते. शोधाची खरी गंमत तेथेच सुरू होते. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द १८८७ च्या ब्रिटिश कायद्याची देणगी आहेत. परदेशी माल ओळखता यावा, किंबहुना ग्राहकाने तो टाळावा, या हेतूने लादलेला हा शिक्का पुढे गुणवत्तेची खूण बनला. ‘डीआरपी’ म्हणजे जर्मन साम्राज्याचे पेटंट ही अक्षरे १९४५ पूर्वीच्या काळाकडे बोट दाखवतात. ‘वेस्टर्न जर्मनी’ असा उल्लेख फाळणीनंतरचा, तर ‘व्हीईबी’ ही अक्षरे पूर्व जर्मनीतील सरकारी मालकीच्या कारखान्यांची.

सर्वांत उपयुक्त पुरावा मात्र पोस्टाचा आहे. पश्चिम जर्मनीत १९६१ मध्ये चार अंकी टपाल क्रमांक आले आणि एकीकरणानंतर १ जुलै १९९३ पासून ते पाच अंकी झाले. हान म्युंडेनचा ३५१० हा क्रमांक ३४३४६ झाला. मधल्या अल्पकाळात, पूर्व व पश्चिमेचे सारखे क्रमांक एकमेकांत मिसळू नयेत म्हणून, पश्चिमेकडील पत्त्यांना ‘डब्ल्यू’ आणि पूर्वेकडील पत्त्यांना ‘ओ’ हे अक्षर जोडले जाई. त्यामुळे ‘डब्ल्यू-३५१०’ असा पत्ता असलेली डबी जेमतेम तीन वर्षांच्या पट्ट्यात बसवता येते. अर्थात, जुना छापील साठा संपेपर्यंत कारखाने तोच वापरत असणार. म्हणून अशी तारीख ही ‘याच्या आधीची नाही’ एवढेच खात्रीने सांगते.

नावांवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘डायाना’ची यंत्रसामग्री आणि नावाचा हक्क ब्रिटनकडे गेला. स्कॉटलंडमधील ‘मिलब्रो’ कंपनी त्या नावाने माल विकू लागली आणि मूळ जर्मन कारखान्याला ब्रिटनमध्ये ‘ओरिजिनल’ असे नाव घ्यावे लागले. आपलेच नाव परत मिळायला १९८४ साल उजाडले. तेव्हा डबीवर ‘डायाना’ दिसले, एवढ्यावरून ती जर्मन ठरत नाही. उलट, ‘बीमन’ या अमेरिकी विक्रेत्याच्या नावाखाली हेंडलर अँड नाटरमानचे छरे विकले जात. आतला छरा आणि बाहेरचे नाव यांचे कुळ वेगळे असू शकते.

विक्रेते जुनेपणावर किंमत सांगतात. अभ्यासकाच्या दृष्टीने गंजलेली पण मजकूर शाबूत असलेली डबी चकचकीत, घासून पुसलेल्या डबीपेक्षा मोलाची असते. तारेच्या घासणीने गंजाबरोबर छपाईही निघते आणि कागदी चिठ्ठी पाण्याने विरघळते. कोकणासारख्या दमट हवेत पत्र्यावरील कथलाचा मुलामा जेथे खरवडला असेल तेथून गंज धरतो. हवाबंद खोक्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. झाकण, तळ आणि कड यांची छायाचित्रे, व्यास व वजन यांची नोंद केल्यास दोन डब्यांची तुलना शक्य होते.

भरलेली जुनी डबी उघडताना सावधगिरी हवी. छऱ्यांवर जमलेली पांढुरकी भुकटी ही शिशाची संयुगे असून ती विषारी असतात. ती फुंकू नये, हातमोजे वापरावेत, मुलांना दूर ठेवावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. रिकामी डबी बाळगण्यास कोणताही परवाना लागत नाही. मात्र २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरहून मोठ्या व्यासाच्या किंवा २० ज्यूलहून अधिक ऊर्जेच्या एअर गनला परवाना आवश्यक आहे.

आजच्या स्पर्धेच्या डब्यांवर छऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिलिमीटर असा शतांशापर्यंत नोंदवलेला असतो. एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर असल्याने नेमबाज आपल्या नळीला जुळणारा व्यास आणि उत्पादनाचा गट चाचणी घेऊन निवडतात. ही माहिती अनेकदा साध्या चिकटपट्टीवर असते. डबी फेकण्यापूर्वी तीच सर्वांत आधी सोलून निघते.